सोबतचा माणूस

औषधांच्या अभ्यासात रिपोर्ट कमी अन् किस्से जास्त जमतात. रिपोर्ट कंपनी घेऊन जाते, किस्से आमच्याच गळ्यात!

कापसानं साऱ्या जिल्ह्याला रडवलं त्या वर्षांत मी यवतमाळच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात होतो. पडद्याच्या आजारावर नवं इंजेक्शन तपासणं सुरू होतं, पेशंट सांभाळायचं काम माझं. सगळे मला ‘सर’ म्हणायचे. ‘बंड्या’ म्हणणारी आई तेवढी होती, तीही गेली. खोलीवर जायचा मला कंटाळा यायचा.

*

कोणाला खरं औषध अन् कोणाला नुसतं नाटक, हे पेशंटलाही सांगायचं नाही अन् डॉक्टरलाही नाही. वणीच्या गॅरेजवाल्या रहीमचाचांना हे समजावलं.

"डॉक्टरले बी मालूम नाही? मंग मीच बरा! मले निदान इंजिन खोलल्यावर समजते!"

तरी एकही तारीख चुकवली नाही त्यांनी.

*

आर्णीच्या रिटायर्ड गुरुजींना घरी चौकटींचा कागद दिला होता. रेषा वाकड्या दिसल्या की लगेच फोन करायचा. यांचा फोन रोज!

"रेषा सरळ आहेत बरं का."

एकदा मी वैतागलोच. "गुरुजी, सरळ आहेत तर फोन कायले?"

"मंग बोलाले वाकड्या होयाची वाट पाहू काय?"

पुढं मी कधी घाईनं फोन ठेवला नाही.

*

राजूरच्या गिरजाबाईंना मधलं काही दिसायचं नाही. समोरच्याचे कान दिसत, चेहरा गायब! इंजेक्शनला सोबत घरचं माणूस पाहिजेच, नाहीतर तारीख बुडाली, अन् तारीख बुडाली की अभ्यासातून नाव कट. डोळा तर एकच उरलेला.

बाई दर वेळी नवाच पुतण्या आणायची. एकदा काउंटरवरच्या सिस्टरनं पुतण्याचं नाव विचारलं, तर बाई त्याच्याकडेच वळली, "काय नाव रे तुह्यं?" एसटी स्टँडवरून धरून आणलेला बिचारा! सिस्टर हसली अन् चूप बसली.

*

मग कापसाच्या भावासाठी चक्का जाम झाला. बाई त्याआधीच पहाटे कोळशाच्या ट्रकमधून आली होती. पण स्टँड रिकामं! एकही पुतण्या नाही.

त्या दिवशी नेमकी नवी, कडक सिस्टर, मलाही न ओळखणारी. "सोबत कोण आहे? कोणी नसेल तर परत जा."

बाई काउंटरची कड धरून तिथंच राहिली. मला फार वाईट वाटलं. मी तिच्या बाजूला जाऊन उभा राहिलो.

बाईनं चाचपडत माझा हात धरला. "हा काय! माहा पोरगा!"

"नाव?"

बाई माझ्या कानाकडे पाहत हळूच म्हणाली, "काय नाव रे तुह्यं?"

"बंड्या," मी म्हणालो.