गुरुपाद आप्पांच्या राखेवरचं बन

गुरुपाद आप्पांच्या अंगावर कायम दोन राखा असायच्या. कपाळावर गोवरीचं पांढरंशुभ्र भस्म, तीन बोटांनी ओढलेलं. आणि बाकी सगळ्या अंगावर कोळशाची. सांजच्याला घरी आले की त्यांची बायको नागूअक्का त्यांना उंबऱ्यावरच अडवायची. "एक घेऊन आत या, एक बाहेर ठेवा," म्हणायची. मग बाहेरच्या दगडावर बसून आप्पा दोन बादल्या पाणी संपवायचे, तरी कानामागं थोडी राहायचीच.

आमचं गाव वालूरपासून दीड कोसावर. गावाबाहेर आबासाहेबांची जिनिंग होती. कापसातली सरकी काढायचा कारखाना. निजामाच्या अखेरच्या वर्षांत त्यांनी तिथं बॉयलर बसवला. तेलंगणातल्या खाणीतला कोळसा रेल्वेनं सेलूला यायचा, तिथून बैलगाड्यांनी गावात. त्या वाफेवर जिनिंग चालायची आणि वीजही व्हायची. चाळीस दिवे होते गावात! परभणीच्या कितीतरी पेठांत कंदील असायचे तेव्हा आमच्या मारुतीसमोर बल्ब. आप्पा सोळाव्या वर्षी तिथं कोळसा मारायला लागले आणि तेहेतीस वर्षं मारतच राहिले. रोज पहाटे भोंगाही तेच वाजवायचे. गावात घड्याळ कुणाकडं? बाई बाळंत झाली की सुईण सांगायची, भोंग्याच्या आधी, नाहीतर भोंग्याच्या नंतर. आमच्या निम्म्या गावाच्या कुंडल्या आप्पांच्या हातावर मांडलेल्या.

मग बोर्डाची वीज आली. एकोणऐंशी साली वीजघर बंद पडलं. बॉयलर भंगारवाल्यानं सहा बैलजोड्या लावून ओढत नेला. मधल्या ओढ्यात तो दोन दिवस अडकून बसला, त्याची गोष्ट वेगळीच आहे, ती सांगत बसलो तर आप्पा राहतील बाजूला. धुराडं पाडायला मात्र बाहेरचं कुणी लागलं नाही. आप्पांनी बुडाच्या एका अंगाच्या विटा काढल्या, तिथं लाकडाचे टेकू दिले आणि टेकूंना आग लावली. टेकू जळाले तसं ते साठ हात उंच धुराडं विटांसाठी माती काढलेल्या जुन्या खाणीत जाऊन असं आडवं झालं, जसा दमलेला माणूस बाजेवर पडतो. एक वीट इकडं उडाली नाही की तिकडं.

राहिली ती राख. तेहेतीस वर्षांची, साडेतीन एकरावर टेकडी. चैत्रात वारं सुटलं की ती गावात शिरायची. भाकरीत राख, डोळ्यात राख, वाळवणावर राख. बाया वैतागून म्हणायच्या, "आप्पा, तुमची राख आली बघा जेवायला!" आप्पा हसायचे, पण रात्री नागूअक्काला म्हणायचे, "ही घाण माझ्या हातानं टाकलेली हाय. मी जित्ता हाय तवर ती बसली पायजे." हे मला अक्कानंच सांगितलं.

आबासाहेबांच्या पोरांनी जागा ग्रामपंचायतीला दिली. सातबाऱ्यावर शेरा एकच: पोटखराब. म्हणजे काही पिकत नाही अशी. ब्याऐंशी साली रोजगार हमीचं काम निघालं. सगळ्या गावानं राख ओढून खाण बुजवली, वर तळ्यातला गाळ हातभर पसरला आणि दोनशे कडुलिंबाची रोपं लावली. नामांतराच्या चळवळीचा काळ होता, एसटीचा भरवसा नसायचा, त्यामुळं रोपं आम्ही डोक्यावर आणली. लावताना मी हुशारी केली. वाळवी लागू नये म्हणून आम्ही नेहमी खड्ड्यात चुलीची राख टाकतो. इथं तर राखेचा डोंगर! मी म्हटलं, कशाला घरून आणायची, आणि दर खड्ड्यात दोन-दोन ओंजळी टाकायला लावल्या. आप्पा तेव्हा उदगीरला लेकीकडं गेले होते. परत आले तर दोनशेच्या दोनशे रोपं वाळून काड्या.

"राख कुणी टाकली?"

"मीच, आप्पा. वाळवीसाठी."

"अरे लेका, चुलीची राख आन् कोळशाची राख एक असती का? मग मी कपाळाला कोळशाचीच लावली नसती का? फुकटची व्हती की!"

सगळे हसले. आप्पा हसले नाहीत.

आमचे सरपंच दत्तराव. उमद्या स्वभावाचा माणूस, पण घाई फार. देवगाव फाट्याचा एक वीटभट्टीवाला त्यांच्या मागं लागला होता. राखही नेतो, खालची मातीही नेतो, दरसाल पंचायतीला भाडं देतो. म्हणजे खाण पुन्हा उघडी, धूर पुन्हा गावावर. आप्पा पारावर उभे राहिले आणि म्हणाले, "मला एक पावसाळा द्या."

दत्तराव म्हणाले, "देतो. पुढच्या दसऱ्याच्या आत तलाठ्यानं पाहणीत तिथं काहीतरी उगवलेलं लिहिलं, तर जागा गावाची. न्हाई तर भट्टीची. आता ह्याच्यावर बोलायचं न्हाई."

आता आप्पांचं डोकं बघा. आमच्याकडं सुगी झाली की सटवाजी धनगर अडीचशे मेंढरं घेऊन येतो. रात्रीला एकेकाच्या रानात कळप बसवतो. सकाळी रान लेंड्यांनी भरलेलं. त्याच्यासारखं खत नाही. पाळ्या पाडव्याला ठरतात, आणि पाळीपायी सख्ख्या भावांची बोलणी बंद होतात. आप्पांना चाळीस रात्री पाहिजे होत्या, म्हणजे वीस घरांच्या पाळ्या. आणि त्यांच्या मालकीची जमीन? अंगणातली तुळस सोडली तर काही नाही.

पहिली पाळी मी दिली. माझा गुन्हाच होता. मग आप्पा दारोदार फिरले. कुणाला गोडीनं, कुणाला दटावून, अठरा घरं झाली. दत्तराव अडून बसले.

"आप्पा, माझी पाळी म्हंजी ऊस हाय. न्हाई जमणार."

"बरं. ऱ्हाऊ द्या." आप्पा उठले. दारात थांबले. "दत्तराव, तुमी भोंग्याला जलमलात न्हाई का? बरोब्बर भोंग्याला?"

"व्हय. राजयोग हाय त्याच्यामुळं. कुंडली दावू का?"

"न्हाई, त्या दिशी कोळसा ओला व्हता. वाफच धरंना. भोंगा पाऊण घंटा उशिरा वाजला. कुणाला बोललो न्हाई आजवर."

दत्तरावांचा घास हातात राहिला. निवडणूक तोंडावर होती, आणि राजयोगाची गोष्ट त्यांनी सगळ्या तालुक्यात सांगितलेली. "आप्पा," ते हळूच म्हणाले, "पाळी दोन रात्रीची घ्या की चार?"

"चार." आप्पांनी चटकन सांगितलं.

खरंच भोंगा उशिरा वाजला होता का, हे मी आप्पांना पुढं कितीदा विचारलं. ते नुसते मिशीत हसायचे.

राहिला सटवाजी. तो ऐकेना. "राखंत बसवू मेंढरं? लोकर काळी व्हईल."

"तुझी मेंढरं काळीच हायेत की, येड्या!"

"त्ये जलमाचं काळं हाय आप्पा. ह्ये लागलेलं."

शेवटी नागूअक्का मधे पडली. "सटवाजी, चाळीस दिस तुला आन् तुझ्या घरच्यांना भाकरी माझ्याकडची. वर अंबाडीची भाजी." अक्काच्या हातची अंबाडी म्हणजे लसणाची फोडणी घातलेली, तिच्या वासानं माणूस वाट चुकायचा. सटवाजी कळप घेऊन आला. सगळा वैशाख आणि वर दहा रात्री मेंढरं तिथं बसली. दिवसा ती गावभरच्या बांधांवर बाभळीच्या शेंगा खायची आणि रात्री राखेवर येऊन रवंथ करायची.

मृगात आप्पांनी अंबाडी पेरली. वरच्या अंगाला त्यांनी आणि खाणीच्या अंगाला अक्कानं. उगवली. आप्पा नाचायचेच बाकी राहिले. रोज उठून खुरपं घेऊन जायचे, एक तण राहू द्यायचे नाहीत. पण श्रावण सरता सरता अंबाडी पिवळी पडायला लागली. भादव्यात तर वरच्या अंगाला वीतभर काटक्या उरल्या. आप्पांची खुरपणी मात्र चालूच. खाणीच्या अंगाला ते फिरकलेच नव्हते, कारण ते अक्काचं होतं. आणि अक्का पेरणी झाल्या झाल्या लेकीच्या बाळंतपणाला उदगीरला गेली ती तिकडंच होती.

दसऱ्याच्या चार दिवस आधी तलाठी दिनकरराव आले. दत्तराव, मी, निम्मं गाव, आणि फटफटीवर भट्टीवाला. आप्पांनी त्या दिवशी भस्म जरा जाडच लावलं होतं. दिनकररावांनी वरच्या अंगाची अंबाडी पाहिली. एक काटकी उपटली, परत ठेवली.

"आप्पा, ह्याला पीक कसं लिहू हो?"

भट्टीवाला म्हणाला, "चला, मी पेढे आणलेत."

"थांबा," दिनकरराव म्हणाले, "पाहणी म्हणजे चारी कोपरे." आणि ते खाणीच्या अंगाला गेले. भला माणूस! दुसरा असता तर फटफटीवर बसून गेला असता. वीस पावलं गेले आणि ओरडले, "आई गं!"

काटा. रबरी चप्पल फोडून आत गेलेला. एका पायावर उभं राहून त्यांनी खाली पाहिलं, मग इकडं पाहिलं, मग तिकडं. गुडघाभर उंच, हिरवीगार, बारीक पानांची रोपं. जिथं बघावं तिथं.

आप्पा धावत आले. "माफी करा साहेब. तण हाय. घरची बाहीरगावी हाय म्हणून काढायचं ऱ्हायलं. आत्ता काढतो." आणि खाली बसून खुरपं घातलंसुद्धा!

"अहो आप्पा, हात आवरा!" दिनकररावांनी त्यांचं मनगटच धरलं. "ही बाभूळ आहे. कुणी पेरली?"

कुणीच नाही. मग मागून, दसऱ्याला कळप घेऊन आलेला सटवाजी मोठ्यानं हसला. मेंढराच्या पोटातून आलेलं बाभळीचं बी लवकर रुजतं, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. पण कुणी विचारलं नव्हतं. आणि आप्पा? जे राखेवर आपणहून जगत होतं ते सगळा पावसाळा मन लावून उपटत होते, आणि जे मरत होतं त्याला पाणी घालत होते.

भट्टीवाला म्हणाला, "बाभूळ काय पीक हाय का?"

तेव्हा दत्तराव पुढं झाले. का झाले, कुंडलीमुळं की हिरवं बघून, देव जाणे. "तुझ्या बापाचा नांगर कशाचा व्हता?" ते गरजले. "वखर कशाचं? तिफण कशाची? गाडीचा आख कशाचा? लिहा दिनकरराव. बाभूळ!"

दिनकररावांनी पाय चोळत मोजायला सुरुवात केली, आणि सगळं गाव मोजायला लागलं. चारशे बारा भरली. पेढे भट्टीवाल्याचेच वाटले; तोही खाऊन गेला, जाताना हसतच गेला.

नागूअक्का परत आली तेव्हा आप्पा लाजत म्हणाले, "तू खुरपलं न्हाईस ते बरं झालं."

"मग मला आधी कधी सांगितलं न्हाई, काम न करण्यात एवढं पुण्य हाय म्हणून?" अक्का म्हणाली.

पण खरा तंटा पुढंच. रोपं जगवायची तर कुंपण पाहिजे, आणि कुंपण कुणासाठी? मेंढरांसाठी! सटवाजी भडकला. "पेरलं माझ्या मेंढरांनी, आन् बंदी माझ्याच मेंढरांना?" पंचायत बसली. आप्पा म्हणाले, सहा-सात वर्षं कळ काढ. शेंगा लागल्या की पहिली शेंग तुझ्या कळपाची, माझ्या माघारीसुद्धा. हे दत्तरावांनी ठरावात लिहून घेतलं. सटवाजीनं अंगठा दिला आणि स्वतःच कुंपणाचे काटे ओढायला लागला.

राख बसली. त्यानंतर चैत्रात आमच्या भाकरीत कधी कचकचलं नाही. नव्वद साली पहिल्यांदा शेंगा भरून आल्या. आप्पांना साठी लागली होती. लांब आकडी घेऊन ते झाडाखाली उभे, वरून शेंगांचा सडा, आणि खाली अडीचशे मेंढरं त्यांच्या धोतराला धडका देतायत. अक्का बांधावरून हाका मारून दमली.

"अवो, भाकरी निवायलीय!"

"थांब गं," आप्पा ओरडले, "हितं सोडंनात मला!"