माझ्या बाबांवरचं वाक्य दुसऱ्याच्या शोकसभेत

अकोटहून आत्ताच घरी आलो. चैन पडत नाही, म्हणून लिहून राहिलो.

माझा मित्र सतीश, त्याचे वडील गेले. अग्नी दिल्यावर स्मशानातच शोकसभा झाली, आपल्याकडे होते तशी. त्यांच्या शेजारचे एक काका उठले आणि मोबाईलमध्ये पाहून बोलले, "पोरावर रागावले तरी जेवताना बाजूची जागा ते त्याच्यासाठी रिकामी ठेवायचे."

हे वाक्य माझं आहे. माझे बाबा गेले तेव्हा त्यांच्यावर मी इथंच पोस्ट लिहिली होती, त्यातलं.

सभा संपल्यावर काकांना गाठलं. ते म्हणाले, "ग्रुपवर आलं होतं. मले चांगलं वाटलं, वाचलं. त्याच्यात काय एवढं?"

मी भडकणार, तेवढ्यात सतीश आला. बापलेकांचं कैक वर्षं बोलणं नव्हतं.

"काका, बाबा खरंच माही जागा ठेवत होते?"

काका माझ्याकडे पाहू लागले.

"हो रे, ठेवत होते," मीच म्हटलं.

ती जागा माझ्या बाबांनी माझ्यासाठी ठेवली होती. आज मी ती दुसऱ्याले देऊन आलो. काकांना चोर म्हणायचं, तर मले काय म्हणाल?