बांधणाऱ्याचं नाव

जिपाराच्या सासरी बायकोने नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नव्हती. नारीनमधल्या बऱ्याच किर्गिझ घरांतून ती केव्हाच गेली, पण हिच्या सासूने, तिकडच्या बोलीत एनेने, ती घट्ट धरून ठेवली होती. त्यामुळे नवरा, तालांत, होता तेव्हा जिपारा त्याला "अहो मास्तर" म्हणायची, आणि तो गेल्यावर "तुमचा मुलगा". त्याचं नाव तिला लिहिता यायचं ते एकाच ठिकाणी, कॉम्प्युटरवर.

तालांत शाळेत कॉम्प्युटर शिकवायचा. चित्रं काढायचा एक प्रोग्राम होता, फुकटचा, जगभरच्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेला. त्याचा कोड सगळ्यांना खुला, पण नुसता कोड चालत नाही. ज्या त्या मशीनसाठी त्याची प्रत बांधावी लागते. तो लिहिणारे प्रकल्पवाले नव्या मशीनपुरत्या प्रती बांधून हात झटकायचे. शाळेतली मशीनं जुनीपुराणी. तालांतने त्यांच्यासाठी प्रत बांधली, किर्गिझ अक्षरांसकट. प्रकल्पाच्या इंटरनेटवरच्या पानावर खाली "इतरांनी बांधलेल्या प्रती" असा भाग होता, तिथे ती लागली. वर सूचना होती, की या प्रती आमच्या नव्हेत, अडलंनडलं तर बांधणाऱ्याला विचारा. आणि पुढे त्याचं नाव. त्या दिवशी या वेड्याने अख्ख्या गल्लीत कणकेचे बोर्सोक तळून वाटले.

मग एका हिवाळ्यात त्याच्या छातीत कळ आली, आणि रस्ता बर्फाने बंद होता.

प्रकल्पवाल्यांचा एक शिरस्ता होता. नवी आवृत्ती निघाली की पानावरच्या प्रत्येक बाहेरच्या माणसाला ते हाक घालायचे, "आहात ना?" जो नवी प्रत बांधून "आहे" म्हणेल त्याची ओळ राहायची, गप्प बसेल त्याची निघायची. बरोबरच होतं; बेवारशी प्रत कोण वापरणार? तालांत गेल्यावर पहिली हाक आली, तेव्हा जिपारा त्याच्या खुर्चीत बसली. शेजारी बसून तिने हे काम कितीदा पाहिलं होतं. धडपडत प्रत बांधली आणि त्याच्या नावाने उत्तर दिलं, "आहे."

पुढे त्याच्या वर्षाचं जेवण झालं, त्यासाठी घोडी कापली, पाहुणे रडून जेवून गेले, तिच्या डोक्यावरचा काळा रुमाल उतरला. तरी हाक आली की ही "आहे" म्हणतच राहिली. खोटं होतं, आणि तिला कळत होतं. पण त्या एका शब्दापुरता तो कुठेतरी असायचा, त्याच्याशी बोलल्यासारखं व्हायचं. तिला तो हवा होता, बस.

"काय पुरलंय गं त्या डबड्यात?" एने ओरडायची. "चहा निवला!"

"तुमच्या मुलाचंच काम आहे, एने."

"त्याचं काम! तो बसायचा तेव्हाही निवायचाच."

यंदा वसंतात दुसऱ्या कुठल्याशा प्रकल्पाच्या पानावरून बाहेरच्या माणसाने प्रतीत चोरटा कोड घुसवला. सगळेच हादरले. यांनीही ठरवलं, की पानावर ज्याचं नाव आहे त्याचं तोंड एकदा तरी बघायचं. पान सांभाळणाऱ्या फिनलंडच्या इल्मारीने लिहिलं, "तालांत, इतकी वर्षं बोलतोय, एकदा पडद्यावर भेटू या."

गप्प बसावं तर ओळ जाणार, आणि खोऱ्यातल्या शाळांना प्रत मिळणार कुठून? धाकट्या दिराला कॅमेऱ्यापुढे बसवावं, असंही तिच्या मनात आलं. मग स्वतःचीच लाज वाटली आणि ती स्वतः बसली.

"तालांत घरी नाहीत का?" लोकरी टोपीतल्या इल्मारीने मोडक्या रशियनमध्ये विचारलं.

"प्रत मी बांधते. ते... दोन हिवाळे झाले."

त्याने टोपी काढली. "मग 'आहे' कोण म्हणत होतं?"

"मीच."

"बाई, तुमची प्रत कधी उशिरा आली नाही. काम तुमचं, तर नावही तुमचं लावा ना."

"त्यांचंच राहू द्या की. कुणाचं काय बिघडतंय?"

"उद्या कुणाचं मशीन बिघडलं, तर तो त्या नावाला विचारणार. तिकडून उत्तर कोण देणार?"

तिने पान उघडून ती ओळ पुढे आणली.

"मी बदलू का?" त्याने हलकेच विचारलं.

"नको. माझं मी करते."

परक्याचा हात तिला त्या ओळीला लागू द्यायचा नव्हता. त्या पानाचा मजकूरही खुलाच. बदल कुणीही सुचवावा, फक्त कारण लिहिल्याशिवाय तो पुढे सरकत नाही. तिने त्याचं नाव एकेक अक्षर करून पुसलं, आपलं लिहिलं. मग कारणाची रिकामी चौकट आली.

"बांधणारा बदलला," असं लिहून तिने खोडलं. कोण बदलला? त्याच्या जागी दुसरं कुणी यावं असं तिला कधी वाटलंच नव्हतं. जेवणाच्या दिवशी म्हातारे त्याच्याबद्दल भरभरून बोलले, तिनेही रीतीप्रमाणे भिंतीकडे तोंड करून हेल काढून शोक केला. पण तो गेला, असं सरळ वाक्यात तिने कुठेच म्हटलं नव्हतं. तिने लिहिलं, "तालांत वारला."

इल्मारीने बदल लगेच मान्य केला आणि निरोप घेतला. पानावर आता जिपारा असं नाव होतं, सगळ्या जगाला दिसेल असं, आणि ते तिला नको होतं. ती रडत होती.

"कुणाशी बोलत होतीस गं पोरी इतका वेळ?" एने दारात येऊन उभी राहिली.

"कुणाशीच नाही," जिपारा म्हणाली, आणि आता ते खरं होतं.