मोठेबाबांचा बाक

"दादा गेला," बाबा फोनवर एवढंच म्हणाले. मी तेव्हा यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या आमच्या घरी, मोठेबाबांच्याच ऑफिससाठी बनवलेल्या सॉफ्टवेअरमधली एक चूक शोधत होते. बरं म्हटलं, आणि ती सापडेपर्यंत काम करत राहिले. कोणाला वाईट वाटलं तर वाटो. शोकसभेत त्यांना पक्षकारांचा आधारवड म्हणून झालं आहे. मला दोन शब्द बोलायला सांगितलं तेव्हा मी मागच्या रांगेतूनच नकारार्थी मान हलवली. सभेत मला बोलता येत नाही... लिहिता येतं. मला ते आवडत नव्हते.

मोठेबाबा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ, त्यांचा दादा, आमच्या घरातले पहिले वकील. यवतमाळच्या कोर्टाजवळ त्यांचं ऑफिस. आत ते, बाहेर वऱ्हांड्यात पक्षकारांसाठी लांबलचक सागवानी बाक. केसची पुढची तारीख ते पक्षकाराला कोर्टात सांगत नसत, फोनवर तर नाहीच. ज्याला हवी त्याने ऑफिसला यायचं, बाकावर बसायचं, आतून हाक आली की उठायचं. तारीख सांगायला त्यांना क्षणभर लागे, बसवून ठेवायला अर्धा दिवस. त्या अर्ध्या दिवसात ते आत पेपर वाचत असायचे. मी पाहिलं आहे.

बोंडअळीने कपाशी खाल्ली त्या वर्षी बियाण्यांच्या तक्रारी ग्राहक मंचात इतक्या गेल्या, की त्यांच्या कपाटातून फायली खाली यायला लागल्या. मी नुकतीच इंजिनिअर होऊन घरी बसले होते. "कॉन्व्हेंटवाल्या मॅडम, काही कामाचं शिकल्या का?" म्हणत त्यांनी मला बोलावलं. मी मन लावून पहिला स्क्रीन केला. केस नंबर टाका, फाइल समोर. त्यांनी तो बाकावरच्या लोकांसमोर उघडायला लावला.

"नंबर घेऊन कोण येते वं इथं? माणूस येते अन् म्हणते, मी अमक्या गावचा, माह्या बियाण्याची केस." मग बाकाकडे वळून, "पाहा हो, आमच्या मॅडमले माणसं लागतच नाही. नुसते आकडे."

लोक हसले. त्यांचं बरोबर होतं, हे मला आजही कबूल करावं लागतं. मी गाव आणि केसचा विषय सर्वांत वर आणला. मग पक्षकाराला तारीख कळवणारा मेसेज लिहिला, सवयीने इंग्रजीत. "हा वाचाले त्याले अजून एक वकील करा लागन," ते म्हणाले. पुन्हा हशा. मी तो मराठीत केला, दोनच ओळींचा. तारीख भरली की मेसेज आपोआप पक्षकाराच्या फोनवर. हे चालवून दाखवलं तेव्हा मात्र ते हसले नाहीत.

"बंद कर हे."

"का?"

"तारीख फोनवर गेली तर लोक इथं कायले येतीन?"

"यावं लागू नये, म्हणूनच तर..."

"माणूस वकिलापाशी बसला पाह्यजे. बसला नाही, का दुसऱ्यापाशी जाते." मग आवाज खाली आणून म्हणाले, "लहानपणी माह्या बाबासंगं पांढरकवड्याच्या वकिलाकडे गेलतो. बाकी लोकं बाकावर, आम्ही अंगणात उभे. उन्हात. मी तं बाक देल्ला सगळ्यायले."

यावर मी खूप विचार केला आहे. बाक त्यांनी दिला, खरंच दिला. जात विचारून कोणाला उठवलं नाही. पण त्यावर बसलेल्याला त्यांच्या हाकेशिवाय उठताही येत नव्हतं, आणि हे त्यांना दिसत नव्हतं असं मी मानत नाही. मी मेसेज बंद केला. काढून टाकला नाही.

शकुनबाई पांढरकवड्याच्या पलीकडून यायची. बियाण्याची तक्रार तिच्या स्वतःच्या नावावर होती. नुसती तारीख विचारायला यायचं तरी तिचा सबंध दिवस जायचा. ऐन वेचणीत तिला येणं जमलं नाही, म्हणून पुढची तारीख कळलीच नाही. नेमकी त्याच तारखेला शपथपत्रावर तिची सही हवी होती. मंचाने तक्रार काढून टाकली. पुढे ती आली तेव्हा मोठेबाबा वऱ्हांड्यात उभे राहून म्हणाले, "तारीख विचाराले पाय मोडले होते का?"

"वेचणी चालू होती, साहेब."

"मंग वेचणीपाशीच माग निकाल."

ती पदर सारखा करून परत बाकावर बसली. मी त्यांच्या मागे आत गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना उलट बोलले, "मेसेज गेला असता तर ती आली असती." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मले शिकवून राह्यली का?" त्यानंतर आम्ही कामापुरतंच बोललो, ते जाईपर्यंत.

ते गेल्यावर ऑफिस त्यांच्या ज्युनिअर मनीषाताई पाहू लागल्या. शकुनबाईच्या तक्रारीवर त्यांनी वर अपील केलं. मी विचारलं, मेसेज चालू करू? "कर," त्या म्हणाल्या. "साहेबांना आवडलं नसतं मात्र."

"म्हणूनच," मी म्हटलं.

पहिला मेसेज शकुनबाईला गेला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडायला गेले, तर ती बाकावर बसलेली.

"मावशी, मेसेज नाही मिळाला?"

"भेटला ना. पोरीनं वाचून दाखवला." तिने मला तारीख सांगितली, बरोबर सांगितली.

"मग कशाला आल्या? आता यायचं काम नाही."

"मालूम हाय, बाई." तिने आतल्या दाराकडे पाहिलं. "पण इथं बसल्याबगर तारीख खरी वाटत नाही."

मोठेबाबांचा इतका राग मला ते जिवंत असतानाही आला नव्हता. मी आतलं दार सताड उघडलं, त्यांची रिकामी खुर्ची तिला दिसेल अशी. तिने पाहिली. हात जोडले. आणि पदर सारखा करून बसून राहिली... हाक येईपर्यंत.