रंगरेजाकडे गेलेली साडी

परीक्षेच्या दिवसांत आमच्या कॉलेजात फोन जमा करावे लागतात. विद्यार्थ्यांचे तर घेतातच, पण आमचेही घेतात. तीस वर्षं इतिहास शिकवल्यावरही बाई कॉपी पुरवणार नाहीत अशी खात्री विद्यापीठाला वाटत नाही, आणि वाटावी असं काही विद्यापीठाच्या अनुभवातही नाही. त्या दिवशी तीन तास वर्गात येरझाऱ्या घालून मी फोन परत घेतला, तर तिलक नगरच्या बुटिकवाल्या बाईंचे दोन निरोप आलेले होते. पहिल्यात कापडाच्या तीन तुकड्यांचा फोटो होता. तिन्ही लाल. खाली विचारलं होतं, यातला कोणता? दुसरा त्यानंतर दोन तासांनी आलेला. तुमचं उत्तर आलं नाही म्हणून मधला मीच पसंत केला, साडी आत्ताच रंगरेजाकडे पाठवली आहे, शुभकामात उशीर नको.

ती साडी माझ्या आईच्या लग्नातली. ती पांढरी होती आणि तिने पांढरीच राहायचं होतं.

बौद्धांच्या लग्नात नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यांत असतात. अकोल्याकडच्या माणसाला हे सांगावं लागत नाही. जयपूरला सांगावं लागतं, आणि ते न सांगण्याची कला आमच्या घरात सगळ्यात जास्त मला साधली आहे. वडील रेल्वेत फिटर होते. त्यांची इकडे बदली झाली तेव्हा मी सात वर्षांची होते. रेल्वे क्वार्टर्समधल्या पहिल्या बुद्धपौर्णिमेला आई ती साडी नेसून सकाळी नळावर गेली. दुपारी शेजारची बाई झाकलेलं ताट घेऊन आली, आईच्या हातावर हात ठेवून बसली आणि अधूनमधून डोळे पुसू लागली. आईला हिंदी येत नव्हतं. आपल्याकडे सणाला आलेली बाई रडते आहे म्हणजे तिच्याच घरी काही झालं असणार असं समजून आईनेही तिची समजूत काढली. संध्याकाळी वडील सायकलवरून धडधाकट परत आले, तेव्हा ती बाई ताट न घेताच निघून गेली. "भाजी मात्र बेस होती," असं आई पुढे कित्येक वर्षं सांगायची.

मी दुसऱ्या वर्षापासून सावध झाले. पौर्णिमा आली की मैत्रिणींना आदल्या दिवशीच सांगून ठेवायचे, उद्या मम्मीचं व्रत आहे. व्रत म्हटलं की या शहरात पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही. सोय चांगली होती. पन्नाशी ओलांडली तरी मी ती सोडलेली नाही.

आता माझ्या मुलीचं लग्न ठरलं आहे. मुलगा इथलाच, तिच्या ऑफिसातला. माणसं चांगली आहेत. निमंत्रणपत्रिका म्हणून त्यांनी छापलेली वस्तू उघडायला दोन हात आणि एक टेबल लागतं, आणि आत बदाम निघतात. आमचा धर्म त्यांना माहीत आहे, म्हणजे एकदा सांगून झालेला आहे. त्यावर दोन्ही बाजूंनी "आजकाल हे सगळं कोण मानतं" असं म्हटलं. असं म्हणून झालं की तो विषय पुन्हा काढायचा नसतो. लग्न त्यांच्या पद्धतीने, लेहंगा लाल. मुलीला मात्र त्या लेहंग्यात कुठेतरी आजीची साडी हवी होती. आजकाल मुलींना असं काहीतरी हवं असतं, आणि ते करून देणाऱ्या बायकाही हव्या तितक्या झाल्या आहेत.

आईने साडी स्वतः कपाटातून काढून दिली. इतर घरांतल्या लग्नाच्या साड्या असतात तशी ती पेटीत झोपलेली नव्हती. पौर्णिमेला, विहारात, कुणाच्या लग्नात, अशी पन्नासहून जास्त वर्षं नेसून नेसून ती अंगावरच्या ओढणीसारखी पातळ झाली आहे. सुती, बारीक निळ्या काठाची. आईने एकच अट घातली.

"कापा. पण अस्तर नाई करायचं. वर दिसली पायजे."

"दिसेल आजी, पक्का," मुलगी म्हणाली. तिचं मराठी वाक्य चार शब्दांपुढे गेलं की हिंदीचा टेकू मागतं, म्हणून ती आजीशी थोडक्यात बोलते. मी स्वतः दुकानात जाऊन सांगते, असं मी आईला कबूल केलं.

आणि गेलेही. तिलक नगरच्या त्या बुटिकमध्ये लग्नाच्या जुन्या कपड्यांना नवा जन्म मिळतो असं दारावर लिहिलं आहे. आत बघितलं तर बहुतेकांचा पुनर्जन्म उशीच्या अभ्र्यात झालेला दिसला. कुणाच्या बनारसीचे बटवे, कुणाच्या चुनरीचा तुकडा सोनेरी चौकटीत, आणि एका शेल्फावर जरदोजी लेहंग्याचं शिवलेलं अस्वल. त्या नवरीला लेहंगा जितका बोचला असेल तितकाच तो त्या अस्वलालाही बोचत असावा, असं त्याच्या तोंडावरून वाटलं. पण काम हातचं होतं आणि चांगलं होतं. मागच्या खोलीत चार बायका खाली मान घालून गोट्याची सोनेरी फीत लावत होत्या. टाके असे की उलट बाजू कुठली ते कळू नये. टिंगल करायला आलेल्या माणसाची अशा कामापुढे जरा पंचाईत होते.

दुकानाच्या बाईंनी साडी उलगडली, बोटांत धरून पाहिली, आणि आवाज खाली आणून विचारलं, ही मम्मीजींचीच ना? मी हो म्हटलं. पापाजींना जाऊन किती वर्षं झाली? मी खरं तेच सांगितलं, सहा. बाईंनी मान हलवली. माझ्या तोंडाशी वाक्य तयार होतं. ही विधवेची साडी नाही, नवरीची आहे. वाक्य काही फार अवघड नाही. पण शेजारी दोन गिऱ्हाइकं उभी होती, पुढे आणखी प्रश्न आले असते, आमच्या आडनावापर्यंत गाडी गेली असती. मी म्हटलं, बाकीचं मुलगी फोनवर सांगेल, आणि स्कूटर काढली.

तर त्या दिवशी निरोप वाचून मी बाईंना फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. तपासायच्या उत्तरपत्रिका तशाच टेबलावर ठेवून निघाले आणि आधी तिलक नगर गाठलं. बाई जेवायला घरी गेल्या होत्या. मास्टरजी मशीनवरून मान वर न करता म्हणाले, रामगंजला, मशिदीमागे, तिसरी गल्ली, कुणालाही विचारा. किती वेळ झाला नेऊन? झाला असेल तासभर. रंगायला किती लागतो? त्यांनी पाय थांबवला आणि माझ्याकडे पाहिलं. "रंगायला काय मॅडम, एक बुडी."

उन्हात रामगंजपर्यंत मी स्कूटर कशी चालवली ते मला आठवत नाही. गर्दीत ती एका पानाच्या ठेल्याला लावली आणि चालत आत शिरले. गल्लीच्या कडेच्या नाल्यांतून आधी पिवळं पाणी वाहत होतं, मग हिरवं, पुढे किरमिजी. ते किरमिजी बघून मी भराभर पावलं उचलली. दोन माणसं एका लांब ओल्या लाल कापडाची टोकं धरून ते हवेत झुलवत वाळवत होती. मी जवळ जाऊन त्याचा काठ बघितला. नव्हती. पुढच्या गच्चीवरून लाल काहीतरी लोंबत होतं, ते ओढणी निघालं. ज्या शहरातल्या लाल रंगाचं कौतुक मी पाहुण्यांना हौसेने सांगत आले, त्यात एवढा लाल आहे हे मला तोवर दिसलं नव्हतं. आईला काय सांगायचं ते मी वाटेत तीनदा जुळवलं, तीनदा मोडलं. प्रत्येक वेळी त्यात बुटिकवाल्या बाईंचा दोष पहिल्या वाक्यात येत होता.

रंगरेज म्हणजे पासष्टीचा माणूस, हात कोपरापर्यंत जांभळे. मी धापा टाकत विचारलं. त्याने शांतपणे कोपऱ्यातल्या लोखंडी टबाकडे बोट केलं. साडी साध्या पाण्यात बुडालेली होती.

त्याची तक्रारच होती. इतकी खळ कुणी घालतं का? कापडाला भाताची पेज पाजली आहे, वर नीळ. यावर रंग डागाडागाने बसेल, म्हणून भिजत टाकावी लागली, दुसरं काम अडलं. आईनेच देण्याआधी ती धुवून, खळ घालून, इस्त्री केली असणार. बाहेर द्यायची वस्तू चुरगळलेली देणं तिला जमत नाही. शेजारच्या भांड्यात रंग तयार होता. वाफ निघत होती.

मी म्हटलं, ही रंगवू नका. तो म्हणाला, बुटिकवाल्या बाजीजींचं काम आहे, त्या सांगतील तसं. मी पुन्हा म्हटलं, नका रंगवू. का, असं त्याने विचारलं. गल्लीत पाच-सहा माणसं ऐकत उभी होती. तेव्हा मग मी ते वाक्य बोलले, हिंदीत, आवाज लागतो त्यापेक्षा मोठाच लागला.

"ही माझ्या आईची लग्नाची साडी आहे. आम्ही बौद्ध. आमच्यात नवरी पांढरं नेसते."

त्याने साडी टबातून उचलली आणि पिळायला घेतली. "मग हे आधी सांगायचं ना," तो म्हणाला. "मी तासभर भट्टी पेटवून बसलो नसतो." एवढंच. कुणी पुढचा प्रश्न विचारला नाही. एक जण तर ऐकता ऐकता मध्येच निघून गेला.

ओली साडी प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन मी बाहेर येते तोच बुटिकवाल्या बाईंचा फोन आला. मी जे बोलायचं ठरवलं होतं ते बोलू लागले, पण त्या माझ्याहून जास्त दुखावलेल्या होत्या. त्यांनी सांगितलं की मुलीने फोनवर स्पष्ट म्हटलं होतं, साडी नानीच्या लग्नातली आहे, पण आत अस्तराला लावा, बाहेरून दिसायला नको. बाईंना ते बरं वाटलं नाही. नानीच्या लग्नातली वस्तू कुणी लपवतं का? लग्नात बिचाऱ्या नानीला पांढरं का नेसवलं ते त्यांना कळलं नाही, गरिबी असेल असं वाटलं. म्हणून त्यांनी ठरवलं की आपल्या पदरच्या पैशांनी रंगवून घ्यायचं आणि ओढणीला वरून, दिसेल अशी लावायची. मुलगी खूश होईल, नानीही. मला सांगायला फोटो पाठवलाच होता.

आईची अट पाळायचा प्रयत्न आमच्यापैकी एकीनेच केला होता आणि तिला ती अट ठाऊकही नव्हती.

शास्त्री नगरला घरी पोचले. मुलगी त्या दिवशी घरूनच काम करत होती. मी पिशवी आईच्या हातात दिली आणि झालं ते सगळं सांगितलं, माझं धरून. आईने साडी गच्चीवरच्या दोरीवर टाकली, चिमटे लावले, सुरकुत्या हाताने ताणून काढल्या. मुलगी दारात उभी राहून बोलत होती. मतलब, त्यांच्याकडे लग्नात पांढरं कुणी बघितलं तर अपशकुन म्हणतात, मोठ्या काकी आहेत, बुआ आहेत, आणि आत लावली तरी साडी तीच राहते ना आजी. मी मध्ये बुटिकवाल्या बाईंनी न विचारता असं करायला नको होतं, असं काहीतरी म्हटलं. आईने शेवटचा चिमटा लावला.

"पोरीनं आत लावाले सांगतलं. तुनं काईच नाई सांगतलं. मंग त्या बाईवर कायले रागावता?"

ती खाली निघून गेली. ओरडली असती तर सोपं गेलं असतं. मी स्वयंपाकघरात जाऊन स्वच्छ असलेला ओटा पुसला, मग पुन्हा पुसला. मुलीच्या खोलीतून तासभर तिच्या पावलांचा आवाज येत होता, भिंतीपासून भिंतीपर्यंत. ही सवय माझी आहे. ती माझ्याकडून एवढंच शिकली असती तरी चाललं असतं.

मग ती बाहेर आली, आजीसमोर खुर्ची ओढून बसली आणि होणाऱ्या सासूबाईंना फोन लावला. मी ओट्याशीच थांबले.

"आंटीजी, एक बात बतानी थी. ओढनी पे सफेद किनारी लगेगी. नहीं नहीं, गलती से नहीं. मेरी आजी की शादी की साडी है. हम लोगों में दुल्हन सफेद पहनती है."

पलीकडचे शब्द मला कळत नव्हते, मुलीचं नुसतं "जी", "जी" ऐकू येत होतं. आई तिच्या तोंडाकडे एकटक बघत होती. मुलीने फोनवर हात ठेवला.

"म्हणतायत घरात विचारावं लागेल. काकी बोलतील. आणि किती रुंद असेल, ते विचारतायत."

आईने चार बोटं वर केली. मुलगी फोन कानाला लावणार, तेवढ्यात आईने तिचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हाताचा पंजा टेबलावर पूर्ण पसरून ठेवला, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत.

"वीतभर सांग."

मुलीला वीत म्हणजे काय ते माहीत नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं.

"नऊ इंच," मी म्हटलं. "नऊ इंच सांग त्यांना."