तेवढं पाणी आणता का?

"मावशी, तेवढं पाणी आणता का?"

आमच्या सोनोग्राफी सेंटरच्या आतल्या खोलीतून हे वाक्य ऐकू आलं की मी हातातलं काम ठेवून उठायचे. दार उघडायचं आणि साठीच्या आसपासची एखादी बाई बाहेर यायची. डोक्यावर पदर, हातात रिकामा तांब्या आणि चेहऱ्यावर राग. सोलापुरात नळाला पाणी कधी येईल यावर गल्लीत पैजा लागतात. अशा गावात डॉक्टरीणबाईच पेशंटच्या सासूकडे पाणी मागते, याचा तो राग.

"कुटं हाय पानी?"

"या, दाखवते," म्हणून मी त्यांना जिन्याखालच्या नळाकडे न्यायचे. तांब्या आधी विसळून घ्यायला लावायचे. तो नळ बारीक यायचा, त्याचा मला उपयोगच होता. चांगला भरलेला फिल्टर आतल्या खोलीतच होता. दारामागे, पडद्याआड.

तुम्ही कधी अशा ठिकाणी बाकड्यावर बसला असाल, तर तुम्हीही पाहिलं असेल. काउंटरवर नाव सुनेला विचारलं तर उत्तर सासू देते. वय सासू सांगते, दुखतं कुठं तेही सासूच सांगते. सून पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत उभी असते. सासवा काही वाईट नसतात. आपल्याकडे मोठं माणूस बोलतं आणि धाकटं ऐकतं, एवढाच त्याचा अर्थ. पण आमच्या डॉक्टर मॅडमना शेवटच्या पाळीची तारीख हवी असायची, आणि ती जिची पाळी तिच्याच तोंडून हवी असायची. "बाहेर जा" म्हटलं तर सासूचा अपमान होतो. पाणी मागितलं तर होत नाही.

मॅडमना पाणी चार भाषांत मागता यायचं. त्या इथल्याच, विणकरांच्या घरातल्या. घरी तेलुगू, शाळेत मराठी. अक्कलकोटकडच्या बायकांशी कानडी आणि शहरातल्या मुसलमान बायकांशी दखनी. त्यामुळे 'नीळ्ळू', 'नीरू', 'पानी' यांतलं काहीही कानावर पडलं तरी मी जिन्याकडे निघालेली असायचे.

मला दिवसाची आखणी करून ठेवायची सवय आहे. कामावर रुजू झाले त्याच आठवड्यात मी काउंटरमागच्या फळ्यावर क्रम लिहिला. सुरुवातीच्या महिन्यातल्या बायका सर्वांत आधी, कारण त्या पोटभर पाणी पिऊन लघवी धरून बसलेल्या असतात आणि त्यांचे चेहरे बघवत नाहीत. त्यांच्या मागून तिसऱ्या महिन्यातल्या, त्यांच्या तपासणीत बाळाच्या मानेमागची जाडी बघतात. पाचव्या महिन्यातल्या बायका दुपारी, कारण डोक्यापासून तळव्यापर्यंत सगळं तपासायला वेळ लागतो. शेवटच्या महिन्यांतल्या येतील तशा थेट आत, त्यांना बसवून ठेवायचं नाही. मॅडमनी चष्मा वर करून सगळं वाचलं.

"झकास," त्या म्हणाल्या. "पण ह्यांच्याबरोबर येणाऱ्यांचं काय करायचं, ते नाही लिहिलं."

ते काय करायचं, हे मी हळूहळू शिकले.

त्यांची आणखी एक सवय सांगते. पाचव्या महिन्याच्या तपासणीला त्या पोटावर जेल लावायच्या. ती बाटली आधी कोमट पाण्यात ठेवलेली असायची. मग म्हणायच्या, "आता मी गप्प बसणार आहे. मी गप्प आहे म्हणजे मोजतेय. घाबरायचं काम नाही. घाबरण्यासारखं असलं तर मी स्वतःच सांगेन, लपवणार नाही." आणि खरंच गप्प व्हायच्या. बाळाचं डोकं, ओठ, हृदयाचे चारही कप्पे, पाठीचा कणा, मूत्रपिंडं, हातापायाची लांब हाडं, सगळं एकेक करून. एकदा एका बाईने काळजीने विचारलं, "लई वेळ झाला, काय चुकलंय का?" मॅडम पडद्यावरची नजर न हलवता म्हणाल्या, "झोपलंय पालथं. तुझ्यासारखंच हट्टी आहे. जरा फिरून ये, काहीतरी गोड खा, मग उठवू त्याला." ती बाई बाहेर येऊन माझ्यासमोर केळं खात फेऱ्या मारत होती आणि पोटाला उद्देशून म्हणत होती, "उठ की रं, डाक्टरीण थांबलीया."

आता मंगळवेढ्याच्या सासू-सुनेची गोष्ट सांगते. मॅडम म्हटलं की मला त्याच आठवतात.

त्या दोघी सकाळच्या पहिल्या एसटीने आल्या होत्या. सून विशीतली, लग्नाला वर्ष व्हायचं होतं. सासू उंच, काटक, ज्वारीच्या रानात आयुष्य गेलेली. नाक असं धारदार, की मॅडम नंतर त्या नाकावरूनच तिला ओळखायच्या. त्यांच्या हातात दुसऱ्या एका ठिकाणचा कागद होता. तिसरा महिना जवळ आला तरी पिशवीत बाळ दिसत नाही, वाढ झालेली नाही, असं त्यावर लिहिलं होतं. दुसऱ्याच दिवशी पिशवी रिकामी करायचं ठरलं होतं. त्याआधी एकदा खात्री करून घ्यावी, म्हणून कुणीतरी त्यांना आमच्याकडे पाठवलं होतं.

सुनेचे डोळे सुजले होते. सासू मात्र माझ्याशी खणखणीत बोलत होती. "येळामावशेच्या आदी बाजूला बसली हुती. लई आदी. मला तारीक तोंडपाट हाय."

आमच्या भागात वेळ अमावास्येला अख्खं घर रानात जातं. शेतात पूजा होते, भज्जी-आंबिल होतं. त्या दिवसाच्या मागेपुढे कोण बाजूला बसलं, हे घरातल्या मोठ्या बाईला पक्कं माहीत असतं. तेव्हा सासूचं म्हणणं खोटं नव्हतं.

मॅडमनी तपासलं. बराच वेळ गप्प होत्या. मग आवाज आला, "मावशी, तेवढं पाणी आणता का?"

मी सासूला जिन्याखाली नेलं. तिने तांब्या धरला आणि नळाच्या बारीक धारेकडे बघत राहिली. मघाचा खणखणीतपणा गेला होता. "पोरगी चांगली हाय वो," ती नळालाच सांगितल्यासारखं बोलली. "राती जेवली न्हाई. मी दमच दिला, तरीबी न्हाई."

आत काय बोलणं झालं, ते त्या मुलीनेच मला पुढे काउंटरवर सांगितलं. मॅडमनी जेल पुसलं, तिला उठवून बसवलं आणि विचारलं, "आता तू सांग. येळामावशेनंतर कुठं होतीस?" ती म्हणाली, "म्हायेरी, करकंबला. भाऊ न्यायला आलावता, संक्रांतीपातुर." "तिकडे काय झालं?" मग रडू आलं आणि सगळं बाहेर पडलं. येळामावशेला पूजेत शिवाशिव नको म्हणून तिने पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या होत्या. सासूला सांगितलं नव्हतं. पूजा झाली, ती माहेरी गेली आणि पाळी तिथं आली. सासूला ठाऊक होती ती त्याच्या आधीची पाळी. दवाखान्यात सासूने तीच तारीख सांगितली. चारचौघांत 'आत्या, तसं न्हाई' म्हणायचं धाडस तिला झालं नाही.

म्हणजे हिशेबच महिनाभर पुढे गेला होता. एवढ्या लवकर बाळ दिसत नाही, दिसायचंही नसतं.

सासू पाणी घेऊन परत आली. मॅडम आधी तांब्यातलं पाणी प्यायल्या. अख्खं. मग म्हणाल्या, "मावशी, माझ्या मापाने दिवस कमी भरलेत. आज मी सगळं चांगलं आहे असं म्हणणार नाही. वाईट आहे असंही म्हणणार नाही. पण उद्या कुणी हात लावायचा नाही. दोन आठवड्यांनी याच वारी या." गोळ्या, माहेर, याबद्दल चकार शब्दही नाही. लगेच त्यांनी त्या दुसऱ्या डॉक्टरांना फोन लावला आणि तिथली उद्याची वेळ रद्द करून घेतली. फोन ठेवताना त्यांचा आवाज जराही चढला नव्हता.

"आन दोन आटवड्यानं बी काय न्हाई दिसलं तर?" सासूने विचारलं.

"तर मी तुम्हाला तोंडावर सांगेन," मॅडम म्हणाल्या.

त्या दोन आठवड्यांत मॅडमनी विषय काढला नाही, मीही नाही. पण ठरलेल्या दिवशी मी त्या दोघींचं नाव फळ्यावर सर्वांत वर लिहिलं. मॅडम येताना नेहमीसारख्या माझ्याशी दोन शब्द बोलून आत जायच्या. त्या दिवशी फळा वाचून सरळ आत गेल्या.

तपासणी सुरू झाली. मी दाराशी उभी होते. तिथं माझं काहीच काम नव्हतं.

मग आतून आवाज आला. "मावशी, इकडे या. आधी तुम्ही बघा."

हीसुद्धा त्यांची रीत होती. ज्या बाईला पाण्याला पाठवलं, तिलाच सर्वांत आधी पडद्यासमोर बोलवायचं. काळ्या पडद्यावर तांदळाएवढं काहीतरी पांढरं होतं आणि त्याच्या मध्यावर एक ठिपका लुकलुकत होता. सासूने पदर तोंडाला लावला.

"ह्ये काय चमकतंय?"

"काळीज आहे ते. नातवंडाचं."

पलंगावरच्या सुनेचं डोकं सासूने दोन्ही हातांनी धरलं आणि कडाकडा बोटं मोडली.

त्यानंतर त्या दोघी वेळच्या वेळी आल्या. पाडव्याच्या सुमारास तिसऱ्या महिन्याची तपासणी झाली, बाळाने पडद्यावर टुणकन उडी मारून दाखवली. मेच्या उन्हात पाचव्या महिन्याला आल्या, तेव्हा मात्र सासूने दारामागचा पडदा सरकवला. पंखा लागत नव्हता म्हणून सरकवला, असं तिचं म्हणणं.

"अगं बया! पानी तर हितंच हाय की! आन मला त्या बारक्या नळाखाली हुबं केलं व्हय?"

मी दारात होते, माझी पाचावर धारण बसली. मॅडम जेलचा हात तसाच ठेवून हसल्या. "सापडले मी."

"मंग सरळ भाईर जा म्हनायचं की!"

"म्हटलं असतं तर गेला असता?"

सासूने खरोखरच विचार केला. "न्हाई," ती म्हणाली. मग स्टुलावर बसली. सुनेने तिला सगळं घरी कधीच सांगून टाकलं होतं, असं दिसलं. कारण सासू पुढे जे बोलली ते हळू होतं. "आमच्या टायमाला आमच्या आत्याबाईच सांगायच्या. मला कदी कुनी इचारलंच न्हाई बगा."

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. "आज विचारते. काय सांगायचंय?"

"आता काय सांगू," सासू म्हणाली आणि मग एकदम, "सांगा की, पेढा का बर्फी?"

"मावशी! बाहेर पाटी वाचली नाही? आपल्या दोघींना जेलात घालतील."

"मला वाचता येत न्हाई."

"मग ऐका. काय आहे ते मी सांगत नाही, कुणालाच नाही. नाक तेवढं तुमच्यावर गेलेलं दिसतंय. आता मी गप्प बसणार."

श्रावणात वाढीची तपासणी झाली. बाळाचं वजन, डोकं खाली, भोवतीचं पाणी, नाळेतला रक्तप्रवाह, सगळं जिथल्या तिथं. नवरात्रात मंगळवेढ्याहून फोन आला. सासूचाच. "मुलगी झाली वो! नाक बगायला या!"

मॅडम जाऊ शकल्या नाहीत. त्यांचा उजवा खांदा तोवर कामातून गेला होता. पोटावर यंत्र दाबून धरत, हात अधांतरी ठेवून आयुष्य काढलं की खांदा एक दिवस नाही म्हणतो. काही दिवस त्यांनी डाव्या हाताने करून पाहिलं. मग एका संध्याकाळी म्हणाल्या, "डाव्या हाताचं माप मला पटत नाही. ज्याच्यावर माझाच विश्वास नाही, ते दुसरीला कसं देऊ?" आणि काम थांबवलं. समारंभ करू दिला नाही. जाताना फळ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "क्रम बदलू नकोस."

मी बदललेला नाही. आता नवीन डॉक्टर आहेत. तरुण, हुशार, हात चांगला. मशीनही नवीन. पाणी मात्र कुणी मागत नाही.

परवा ती मंगळवेढ्याची सासू पुन्हा आली. सुनेला दुसऱ्यांदा दिवस गेलेत. सासूच्या कडेवर नात होती. खरं सांगते, मी तिचं तोंड नंतर पाहिलं, नाक आधी.

"बाई न्हाईत व्हय?" सासूने आत डोकावून विचारलं. मी खांद्याचं सांगितलं. तिने नातीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि ती सुनेच्या मागोमाग आत गेली.

नवीन डॉक्टरांनी फाइल उघडली आणि वर न बघताच विचारलं, "शेवटची पाळी कधी?"

सासूचं तोंड उघडलेलं मी दारातून पाहिलं. तारीख तिला तोंडपाठ होती, यात मला शंका नाही. पण ते तोंड तिने मिटलं. टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलला. तो भरलेला होता.

"तू सांग," ती सुनेला म्हणाली. "मी पानी घिऊन येते."

"अहो आजी, पाणी आहे की त्यात," डॉक्टर म्हणाले.

"असू द्या."

तिने बाहेर येऊन दार ओढून घेतलं, अगदी व्यवस्थित, खटका बसल्याचा आवाज येईपर्यंत. ग्लासातलं पाणी नातीला पाजलं. मग रिकामा ग्लास मांडीवर धरून माझ्यासमोरच्या बाकड्यावर बसली. मी नळ दाखवायला उठले नाही.