चौथ्या चौकोनाची खुंटी

श्रीपेरुंबुदूरच्या पुढे दगडाची एक बंद पडलेली खाण आहे. तिच्यावर माती पसरून झाडं लावली, तेव्हापासून तिथे काय काय उगवतं ते मोजायचं आमचं काम. दरवर्षी पोंगल झाला की मैलापूरहून मी आणि माझ्या वरिष्ठ बाई जायचो. बाई तंजावरकडच्या मराठी. बोलणं जुनं, सूर तमिळ आणि शिस्त लष्करी. जमिनीत ठोकलेल्या चार-चार लोखंडी खुंट्यांना दोरी बांधून चौकोन आखायचे आणि प्रत्येक चौकोनातलं एकूण एक रोप वहीत लिहायचं. खुंटी हलवायची नाही. हलली, तर आधीच्या सगळ्या वर्षांची मोजणी फुकट.

डबा झाला की आम्ही तिथेच बसून बोरं खायचो. एका वर्षी चौथ्या चौकोनात बोरीचं रोप दिसलं. मी खुशीत लिहिलं, ‘आपोआप उगवलेलं.’

बाई कडाडल्या, “आपोआप? गेल्या वर्षी इथेच बिया थुंकलात ना! खोडा ते.”

माणसामुळे आलेलं रोप उपटायचं, हाही त्यांचाच नियम. माझा हात होईना. “सरका,” म्हणत त्या स्वतः वाकल्या. मी चिडून गाडीत जाऊन बसलो.

त्याच वर्षी त्या निवृत्त झाल्या. पुढच्या पोंगलनंतर मी एकटाच गेलो. बोरीचं रोप तिथेच होतं, दोरीच्या जेमतेम बाहेर. एक खुंटी वीतभर आत सरकली होती.

आता वरून ड्रोन फिरतो, तरी मी दोरी बांधतो. यंदा त्या बोरीला बोरं धरलीत. खुंटी मूळ जागी न्यावी, असं दरवर्षी मनात येतं. पण खुंटी हलवायची नाही, हा बाईंचाच नियम.